आधी पिशवी आत

दार उघडलं की काका माणसाचा चेहरा बघायच्या आधी त्याचा हात बघायचे. हातात पिशवी असली की ती काढून घ्यायची, आतल्या खोलीत पलंगाखाली सरकवायची आणि मग बाहेर येऊन विचारायचं, "हं, आता सांगा. कोण तुम्ही?" एकदा कुरियरवाल्याचा झोलाच आत गेला. तो बिचारा दारात उभा, "अंकलजी, मेरा बैग..." आणि काकू स्वयंपाकघरात हसून हसून खाली बसलेल्या.

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये ज्यांच्या पिशव्या अशा आत गेल्या, त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांना आठवेल. कुणी परीक्षेला आलेलं, कुणी ऑपरेशनला, कुणी कोर्टाच्या तारखेला. नातं कुठून कुठून निघायचं. काकांना मूलबाळ नव्हतं, पण घरातली गादी कधी रिकामी नसायची. ते म्हणायचे, "पिशवी आत गेली की माणूस राहतो. बाहेर राहिली की चहा पिऊन उठतो. बिल्कुल साधी गोष्ट आहे."

माझी पत्र्याची पेटीही तशीच गेली. मी आठवीत शाळा सोडलेला. नोएडातल्या ज्या कारखान्यात लागलो, तो चार महिन्यांत बंद पडला. कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याचं गेस्ट हाउस आहे, तिथं कुणी मराठी भेटेल म्हणून गेलो आणि आत जायची हिंमत होईना म्हणून फाटकाबाहेरच उभा राहिलो. काका बाहेर येत होते. त्यांनी माझ्या हातातली पेटी घेतली, गाडीच्या डिकीत टाकली. नाव नंतर विचारलं. लायसन्स त्यांनी काढायला लावलं, फॉर्मही माझ्याच हातानं भरून घेतला. पुढं अकरा वर्षं मी त्यांची गाडी चालवली. माझ्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन दिल्लीत झालं तेव्हा ती महिनाभर त्यांच्याकडे होती. कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ आणि ठेच्याचा डबा असलेली तिची पिशवी काकांनी थेट काकूंच्या कपाटात ठेवली होती.

रिटायर झाल्यावर ते नोएडात फ्लॅट घेऊन राहिले. मग काकू गेल्या. सहा महिन्यांनी एके दिवशी म्हणाले, "चलो, गावाकडे जाऊ. रस्त्यानं. सगळ्यांना भेटत भेटत."

गुडघे गेलेले, तासातासाला बाथरूम लागायचं. म्हणून त्यांनी कॅराव्हॅन भाड्यानं घेतली. आत पलंग, लहानसा फ्रिज, शेगडी, संडास. "आपल्यामुळे कुणाला अडचण नको," म्हणाले. मलाही तेव्हा ते शहाणपणाचंच वाटलं.

यमुना एक्सप्रेसवेवर त्यांनी खरं ते सांगितलं. "फ्लॅट विकून टाकणार आहे. एकट्यानं निभत नाही रे आता. वाटेत आपली तीन घरं आहेत. जिथं माझी पिशवी आत जाईल ना, त्याच गावात खोली घ्यायची. त्यांच्यात नाही राहायचं, फक्त जवळपास." नवी निळी पिशवी त्यांच्या मांडीवर होती. दोन कपडे, गोळ्या आणि काकूंचा फोटो.

ग्वाल्हेरला भाची. तिनं दोन वर्षं काकांकडे राहून अभ्यास केला होता. तिला रात्री दिवा लावता यावा म्हणून काका तेव्हा बाल्कनीत झोपायचे. ती धावतच खाली आली, पाया पडली. तिची मुलं गाडीत चढली. "अरे यार मम्मी, इसमें तो फ्रिज भी है!" पलंगावर बसून फोटो झाले. वर गेलो. जेवण छान केलं होतं तिनं, खोटं कशाला बोलू. पण पिशवी चपलांच्या स्टँडशेजारी टेकली, ती तिथंच राहिली. हात धुताना भाची म्हणाली, "मामा, किती बरं केलंत गाडी आणलीत ते. मी गार्डला सांगते, इथंच पार्किंगमध्ये आरामात झोपा. एसी आहे ना आत?"

"बिल्कुल," काका म्हणाले. "सगळं आहे."

खाली येताना पिशवी त्यांनी स्वतःच उचलली.

इंदूरला आतेभाऊ. बायपासच्या वेळी हा सव्वा महिना काकांकडे होता. त्यानं मिठी मारली, रडला, पोहे-जिलबी खाऊ घातली आणि दारात निरोप देताना म्हणाला, "थांबवून घेतलं असतं रे तुला. पण तुझी सोय तुझ्याबरोबरच आहे, राजा आहेस तू."

बिजासनचा घाट उतरल्यावर शिरपूरच्या पाट्या लागल्या, तसे काका सावरून बसले. "तुझं गाव इथंच कुठंतरी ना?"

दोन खोल्यांचं घर, भावजयीचं तोंड, अंगणातला खाली बसायचा संडास. काकांना कुठं बसवू? गाडीत सगळं आहे, हे मला सुचलं नाही असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. सुचलं होतं. मला लाज वाटत होती, एवढंच. आई काकांना दादा म्हणायची. तिनं फोनवर म्हटलं होतं, "दादांना घेऊन ये, पुरण टाकते." तिला मी सांगून टाकलं होतं की आम्ही दुसऱ्या रस्त्यानं जातोय.

बघितलं तर काकांनी पिशवी मांडीवर घेतली होती. पट्ट्यात हात घातलेला.

"आत लांब आहे काका," मी म्हणालो. "रस्ता कच्चा आहे. ही गाडी जायची नाही."

"अच्छा, अच्छा," ते म्हणाले. "गाडीला कशाला त्रास." आणि पिशवी खाली पायाशी ठेवली.

साताऱ्याला पुतण्याच्या घरी तर त्यांनी ती गाडीतून काढलीसुद्धा नाही. परतताना आम्ही कुठंच थांबलो नाही.

फ्लॅट त्यांनी विकला नाही. त्याच थंडीत ते गेले. तेराव्याला सगळे आले, हॉटेलात उतरले, सामान तिकडेच ठेवून आले. मी दारात उभा होतो, पण घ्यायला कुणाच्या हातात काही नव्हतं.

मग आई आली. एकटी, रेल्वेनं, कळण्याच्या पिठाची पिशवी घेऊन. उंबऱ्याबाहेरच थांबली.

"दादांचा फोन आला होता मला, तुम्ही परत गेल्यावर," ती म्हणाली. "म्हणाले, 'ताई, तुमच्या दारावरून गेलो, पण रस्ता कच्चा, गाडी आली नसती.' अरे, आपला रस्ता तर डांबरी होऊन दोन वर्षं झाली."

"तू काय म्हणालीस?"

"मी हो म्हटलं. कच्चाच आहे म्हटलं."

मी पिशवी घ्यायला हात पुढे केला. तिनं ती दिली नाही.