अथेन्सचं मखर

बाबांना कंपवात झाला त्या वर्षी त्यांनी पुण्याहून फोनवरच जाहीर करून टाकलं, "यंदाचं मखर माझं शेवटचं. आणि ते मीच करणार. कुणी मध्ये लुडबुड करायची नाही." मी म्हटलं, बरं.

आई गेल्यापासून बाबा दर वर्षी गणपतीच्या महिनाभर आधी आमच्याकडे सिंगापूरला, हौगांगच्या घरी येत. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये थर्मोकोल पसरून बसायचा आणि संध्याकाळपर्यंत पांढरा चुरा पार सोफ्याखाली पोचायचा. तांजोंग पगारच्या ऑफिसात दिवसभर आकड्यांशी डोकं फोडून आल्यावर पुन्हा झाडू हातात घ्यायचा म्हणजे माझं टाळकंच सरकायचं. मी धुसफुसायची, ते "अगं, झालंच" म्हणायचे. त्या वर्षी मात्र चुरा कधी दिसतो याची मी वाट बघत होते.

"यंदा अथेन्स!" विमानतळावरच त्यांनी सांगून टाकलं. टॅक्सीत बसल्यावर सगळी कथा. अथेन्समध्ये म्हणे एक छोटंसं गोल स्मारक आहे, येशूच्याही आधीचं, अजून उभं. तिथल्या एका श्रीमंत माणसानं मुलांच्या गाण्याच्या मेळ्याचा खर्च उचलला, मेळा पहिला आला, बक्षीस म्हणून ब्राँझची तिवई मिळाली. ती चारचौघांत मिरवायला त्यानं ते बांधलं.

"म्हणजे ट्रॉफी ठेवायला अख्खी इमारत?" मी म्हटलं.

"मग! तुम्ही नाही का लेकीच्या पोहण्याच्या कपांसाठी भिंतभर शोकेस करून घेतलंत?"

माझा नवरा पुढच्या सीटवर फिस्सकन हसला. एरवी सासऱ्यांसमोर गप्प असतो, पण ते शोकेस त्याच्या डोक्यात कायमचं बसलंय.

त्या रविवारी आम्ही एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, सिटी हॉलला गेलो. तिथल्या जुन्या सरकारी इमारतींना मोठाले खांब आहेत, वरच्या टोकाला दगडी पानं कोरलेली. मी कैक वर्षं त्यांच्यासमोरून गेले असेन, मान वर करून कधी पाहिलं नव्हतं. बाबा मैदानाच्या कडेला उभे राहून बघतच राहिले. मग सांगायला लागले: हे कोरिंथियन खांब. बाहेरच्या अंगाला असे खांब लावलेल्या पहिल्या दोन-चार इमारतींत आपलं ते अथेन्सचं स्मारक. पुढे कुणी अथेन्सला जाऊन त्याची मापं घेतली, चित्रं छापली, आणि मग स्कॉटलंडपासून ऑस्ट्रेलियापर्यंत जो तो त्याच्या नकला उभारत सुटला. "वर्गात फळ्यावर किती वेळा काढले असतील गं," ते म्हणाले, "खरे आज बघतोय." ऊन मरणाचं होतं, पण त्यांना हलवायला माझं मन होईना.

मग काम सुरू झालं. सकाळची गोळी घेतल्यावर साधारण तासभर त्यांचा हात त्यांचं ऐकायचा. तेवढ्यात पानं कापायची. एकेक पान नखाएवढं, कडेला कातरलेलं. तास संपला की कटर हातात नाचायला लागायचा, मग "छ्या!" म्हणून ते बाजूला ठेवायचे आणि खिडकीतून समोरच्या ब्लॉककडे बघत बसायचे. मदत करू का, असं मी एकदा विचारून बसले. "ठरलंय ना आपलं?" एवढंच म्हणाले. स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावता लावता मी रडले, दुसरं काय करणार. त्यांनी ते पुरं करावं, बिनमदतीनं करावं, यासाठी मी त्या दिवसांत गणपतीपुढे नाक घासायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

आणि केलं त्यांनी. चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी मखर उभं राहिलं. चौकोनी चौथरा, त्यावर गोल बुरूज, सहा खांब, त्यांच्या मधल्या गोलसर भिंती, वर नक्षीचं छप्पर, त्यावर उमललेलं फूल. मी ऑफिसातून अर्धी सुट्टी टाकून आले होते. इतकं देखणं मखर मी जन्मात पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी नवरा लिटल इंडियातून मूर्ती घेऊन आला. मूर्तीच्या तोंडावर रुमाल झाकलेला. मी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, नवऱ्याच्या पायावर पाणी घातलं. तो आत आला, मखरासमोर उभा राहिला, आणि उभाच राहिला.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "ठेवू कुठे?"

सगळीकडून भिंती! हुबेहूब अथेन्ससारखं करण्याच्या नादात महिनाभरात कुणाच्याच टाळक्यात आलं नाही की देवाला आत बसायला जागा लागते. लेक खो खो हसत सुटली, "नो डोअर, लाह! बाप्पा हाऊ टू गो इन?" मी तिच्यावर डोळे वटारले.

"मूळची तिवई छपरावर ठेवलेली असणार," बाबा पुटपुटले आणि त्यांनी छपरावर तळवा दाबून पाहिला. थर्मोकोल करकरलं. त्यांचा चेहरा इतका उतरला की मी म्हटलं, जाऊ दे, मूर्ती पुढ्यात चौरंगावर ठेवू.

"मग मखर कशाला म्हणायचं त्याला?" ते म्हणाले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "स्कॉटलंडातल्या एडिंबराच्या नकलेत मधल्या भिंती काढून टाकल्यात. नुसते खांब, आणि आत कलश ठेवलाय. आपणही पुढची भिंत काढू."

कटर त्यांनी उचलला. गोळीचा तास केव्हाच सरला होता. पातं भिंतीसमोर थरथरत राहिलं, आणि दोन्ही बाजूंना ते महिनाभराचे खांब.

"बाबा, सकाळी गोळीनंतर..."

"सकाळी गुरुजी येतील." त्यांनी कटर माझ्यापुढे धरला. "घे. तू काप."

मी मान हलवली. मला नकोच होता तो. तो हातात घेतला की सगळं संपलं, असं वाटत होतं. पण ते धरून राहिले, हात हलत असतानाही धरून राहिले. मग घेतला. श्वास रोखून कापलं. खांब वाचले, पानं वाचली, पण डावीकडची कड नागमोडी गेली.

"वाकडं झालं, बाबा," मी म्हटलं. "मखर जरा वळवू या, म्हणजे समोरून दिसणार नाही."

त्यांनी मखर वळवलं. चुकीच्या बाजूला. माझी वाकडी कड अगदी समोर आली.

"असू दे," ते म्हणाले. "येणाऱ्याला कळू दे ना, माझ्या लेकीनं कापलंय."