तारेनं बांधलेलं स्टेअरिंग

मला राग लवकर येतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. बायको म्हणते, तुमच्या धंद्याला डोकं थंड असलेला माणूस हवा. मी म्हणतो, अशा माणसाला एकदा भरलेल्या ट्रकखाली आडवा कर आणि मग विचार, डोकं कसं आहे.

माझा धंदा म्हणजे अवजड गाड्यांचं स्टेअरिंग जागेवर जाऊन दुरुस्त करणं. आधी एका ट्रक कंपनीच्या सर्व्हिस खात्यात होतो, पक्की नोकरी, डबा घेऊन जायची. ते वर्कशॉप बंद झालं तेव्हा डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीला वाटलं, हा आता एखाद्या शोरूमला चिकटेल. मी जुनी व्हॅन घेतली, मागची सीट काढून टाकली, त्यात जॅक, गाडी टेकवायच्या लोखंडी घोड्या, हातोडे, ग्रीसची गन भरली आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंत फिरायला लागलो. डंपर, टँकर, ट्रेलर, काँक्रीटचे मिक्सर. गाडी गॅरेजला येऊ शकत नाही, म्हणून गॅरेज गाडीकडे जातं.

क्लच गेला तर गाडी उभी राहते. इंजिन बसलं तरी उभी राहते, लोक शिव्या देत बाजूनं निघून जातात. स्टेअरिंग गेलं तर गाडी चालतच राहते, फक्त कुठं जायचं ते ड्रायव्हरच्या हातात उरत नाही. एवढी साधी गोष्ट आहे. ती मालकांना समजत नाही असं मला कुणी सांगू नये. सगळ्यांना समजते.

त्या दिवशी मी कोपरीत एका टेम्पोचं काम उरकत होतो, तेव्हा फोन आला.

"मिस्त्री, बाळकुमला येता का? मिक्सर आहे, भरलेला. गाडी हातात राहीना झाली."

आवाज घाबरलेला होता. ड्रायव्हर असे घाबरत नाहीत, निदान फोनवर तरी. मी लगेच निघालो.

गल्लीत पोचलो तर मिक्सर एका बैठ्या घराच्या कंपाउंडला चिकटून उभा होता. चारी बाजूंनी टॉवर आणि मध्ये तेवढं एकच कौलारू घर राहिलेलं. साइट पुढच्या वळणावर होती, आणि गल्ली आणि साइट यांच्यामध्ये शाळेचं फाटक. शाळा सुटायची वेळ झालेली, आया आणि रिक्षावाले फाटकापाशी जमायला लागलेले. उतार थेट तिकडेच.

ड्रायव्हर माझ्याच वयाचा, बीडकडचा, काँक्रीटच्या प्लँटवर नोकरीला. गळ्यातल्या पंच्यानं सारखा मान पुसत होता.

"मी डावीकडं वळवतोय आन् एक चाक जातंय सरळ," तो म्हणाला. "महिना झाला सांगतोय प्लँटवर. करू म्हणतात. आज म्हटलं, इथून पुढं नाही न्यायची."

चाकांना ओंडके लावले आणि खाली शिरलो. आत माल असल्यामुळे इंजिन बंद करता येत नव्हतं, ड्रम फिरता ठेवावाच लागतो. डोक्यावर तो घुमत होता आणि मी ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "मामा, स्टेअरिंग हलवा. थोडं इकडं, थोडं तिकडं."

पुढच्या दोन चाकांना एकमेकांशी बांधणारी एक आडवी दांडी असते. तिच्या टोकाला वाटीत बसवलेला पोलादी गोळा असतो, त्यामुळे दोन्ही चाकं एकाच वेळी एकाच बाजूला वळतात. गोळा झिजला की वाटीत खेळायला लागतो, आणि फार झिजला की बाहेर येतो. मी त्या जॉइंटवर हात ठेवला तर हाताला गोळा लागलाच नाही. लागली तार. बांधकामावर सळ्या बांधतात ती काळी तार, वेढ्यावर वेढे, आणि तिच्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा. वाटीचं खालचं झाकण केव्हाच पडून गेलं होतं. कुणीतरी खाली झोपून, नीट वेळ काढून, पकडीनं पीळ मारून ते बांधलं होतं. वरून ग्रीसही लावलं होतं. त्या ग्रीसचा मला सगळ्यात जास्त राग आला.

मी तार कापली. दोन बाजूंनी दोन हातोडे मारून जॉइंट सोडवला, खाली काढला आणि बाहेर आलो. गोळा वाटीतून हातानं निघत होता, बोरातून बी निघावी तसा. ड्रायव्हरनं तो हातात घेतला आणि मटकन फुटपाथवर बसला.

"ह्याच्यावर मी कालपास्नं घोडबंदरच्या खेपा केल्यात," एवढंच तो म्हणाला.

त्या मेकच्या गाडीचा जॉइंट माझ्या व्हॅनमध्ये नव्हता. कळव्याच्या एका दुकानात फोन केला, त्यांच्याकडे होता, तो ठेवायला सांगितला. तेवढ्यात प्लँटचा सुपरवायझर मोटारसायकलवरून आला. पोरगेलासा, इस्त्रीचा शर्ट, दोन फोन. त्यानं गाडीखाली वाकून बघितलं आणि पहिला प्रश्न काय विचारावा?

"तार कोणी कापली?"

"मी."

"कशाला कापली? चांगली बसलेली होती. काका, परत बांधा. साइट इथं समोर आहे. स्लॅब अर्धा झालाय, पंप थांबलाय. माल ड्रममध्ये जाम झाला तर मला कोण वाचवणार?"

"जॉइंट आणतो, बसवतो, मग न्या."

"तोपर्यंत दगड होईल त्याचा! अहो, दोन मिनिटांचं काम आहे, तार बांधा फक्त. पुढचं मी बघतो."

माझा आवाज चढला. लोक जमले हे मला नंतर कळलं. मी त्याला शाळेचं फाटक दाखवलं, उतार दाखवला, म्हटलं, "पुढचं तू बघणार म्हणजे काय बघणार? चाकाखालून दप्तरं काढणार?" तो म्हणाला, तोंड सांभाळून बोला. मी म्हणालो, तोंड सांभाळायला मी तुझ्या प्लँटवर नोकरीला नाही. जॉइंट मी व्हॅनमध्ये टाकला आणि कुलूप लावलं. वेडेपणा होता, कबूल. मारामारीच व्हायची बाकी होती.

मग सुपरवायझर ड्रायव्हरकडे वळला. "मामा, जॉइंट गेला तर गेला, दांडी तारेनं तुम्हीच बांधा. तुम्हाला येतं. हळूहळू घ्या फर्स्टमध्ये."

ड्रायव्हर फुटपाथवरून उठला. खिशातून चाव्यांचा जुडगा काढला, त्यात गाडीचीच दुसरी चावी असावी, आणि त्याच्यापुढे धरला.

"साहेब, तुम्ही चालवा. मी पुढं जाऊन पोरं बाजूला करतो."

सुपरवायझरनं हात पुढे केला नाही. ड्रम मात्र घुमत होता.

ते कौलारू घर ज्याचं होतं तो म्हातारा इतका वेळ कंपाउंडच्या आतून सगळं ऐकत होता. गावठाणातला जुना माणूस, शेती आणि मिठागर दोन्ही केलेला. टॉवर ज्या जमिनीवर उभे आहेत त्यातली बरीचशी एके काळी त्याच्या भावकीची. तो भिंतीपाशी आला आणि सुपरवायझरला म्हणाला, "कं र, माल फुकट जातंय ना तुझा?"

"जातोय बाबा. तुम्ही आत व्हा जरा."

"आत कनाला? तुमचे गाड्यांनी आमचे अंगनाचा चिखल केलाय. भिंत पाडलीस ती येगलीच. वत तो माल हितं, आमचे अंगनान."

सुपरवायझर हसायला लागला. म्हातारा हसला नाही. त्यानं कंपाउंडचा पडलेला भाग दाखवला, मिक्सरची मागची लोखंडी पन्हळ बरोबर तिथंच येत होती. अंगण म्हणजे खरंच चिखलाचं डबकं होतं, गाड्यांच्या चाकांनी नळ फोडल्यापासून तसंच. सुपरवायझरनं फोन लावला, बाजूला जाऊन बराच वेळ बोलला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. ड्रममधला दगड फोडत बसण्यापेक्षा माल ओतलेला बरा, असं वरून सांगितलं असावं.

साइटवरची माणसं फावडी घेऊन आली. पन्हळ वळवली, आणि बिल्डरच्या कितव्या तरी मजल्यावर जाणारं काँक्रीट म्हाताऱ्याच्या अंगणात उतरायला लागलं. म्हातारा काठीनं दाखवत होता, तुळशीला सोडा, पाण्याच्या हंड्याची जागा उंच करा. शाळा सुटली, पोरं भिंतीवर चढून बघायला लागली. मला हसू यायला हवं होतं. नाही आलं.

कळव्याहून जॉइंट आणला, बसवला. दुसऱ्या टोकाचाही बदलला, तो तरी कुठं धड होता. मग दोन्ही टायरमधलं अंतर पुढून आणि मागून टेपनं मोजलं, चाकं सरळ केली. ड्रायव्हर रिकामी गाडी घेऊन गेला. जाताना त्यानं हात जोडले. मी ओरडलो, "हात स्टेअरिंगवर ठेवा!"

पुढच्याच आठवड्यात त्याला काढलं. मला दुसऱ्या एका मिक्सरवाल्यानं सांगितलं. कारण दिलं, न विचारता बाहेरचा मिस्त्री बोलावला.

मी शिळफाट्याजवळच्या त्या प्लँटवर गेलो. बायको म्हणाली होती, जाऊ नका, गेलात तर ओरडू नका. मॅनेजर सज्जन दिसणारा, मराठी, मराठीत नीट बोलणारा. त्यानं चहा मागवला. मी चहाला हात लावला नाही. विचारलं, तार कोणी बांधली ते शोधलंत का? तो म्हणाला, "इंटर्नल मॅटर आहे. आणि साहेब, खरं सांगू का, ड्रायव्हर मिळतात हो. गाडी उभी राहून चालत नाही."

हे तो अगदी मायेनं म्हणाला. मी त्या केबिनमध्ये काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. काचेपलीकडच्या मुली काम थांबवून बघत होत्या. वॉचमननं मला बाहेर आणलं आणि गेटपाशी हळूच म्हणाला, "बरं केलंत." मला त्याचाही राग आला. सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे वॉचमनलासुद्धा.

त्या प्लँटचं काम मला पुन्हा मिळालं नाही. ड्रायव्हरचा मात्र फोन आला.

"मिस्त्री, एक गाडी बघायला येता का? नोकरी धरायच्या आधी."

मी कधी असं ऐकलं नव्हतं. ड्रायव्हर गाडी पसंत करतोय! डोंबिवलीच्या एमआयडीसीत केमिकलचा टँकर होता, आमच्या घराखालूनच जाणाऱ्या रस्त्यावरचा. मी खाली शिरलो तेव्हा मालक म्हणाला, "काय हो, नवरी बघायला आलात का?" एका चाकाचं किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ती खीळ, इतकं झिजलं होतं की टायर हातानं डुगडुगत होतं. मी सांगितलं. तो म्हणाला, दिवाळीनंतर बघू. ड्रायव्हर म्हणाला, मग मी पण दिवाळीनंतर बघतो. आम्ही दोघं निघून आलो. बसथांब्यावर मी मालकाला जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं ड्रायव्हरला ऐकवलं, त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

नंतर त्याच्यासाठीच कल्याणला एक पाण्याचा टँकर बघितला. मालकीण बाई होत्या, नवरा गेल्यावर धंदा त्याच सांभाळत होत्या. मी आडवा झालो तर त्या पदर खोचून शेजारी उकिडव्या बसल्या.

"भाऊ, खाली काय बघता ते मलाही दाखवा. मला नुसतं 'ओके आहे' एवढंच सांगतात."

मी त्यांना हात जॉइंटवर ठेवायला सांगितला. ड्रायव्हरनं वरून स्टेअरिंग हलवलं.

"अगं बाई! हे तर आत खटखट करतंय!"

"झिजलंय. बदलायला हवं."

"मग बदला. आत्ता बदला." त्या उठल्या, हाताचं ग्रीस टायरला पुसलं आणि फोन काढला. फोनवर पलीकडे त्यांचा आधीचा मेकॅनिक होता, 'ओके आहे' म्हणणारा. मी टँकरखाली पडून ऐकत होतो. नट गंजलेला होता, सुटायला बराच वेळ लागला, आणि तो सुटेपर्यंत बाईंचं त्याला झापणं चालूच होतं.