तीन तासांचं विमान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती गेली, तेव्हाही माझं तोंड शिवलेलंच होतं. आता सत्त्याहत्तराव्या वर्षी लिहितोय, कारण गेल्या आठवड्यात एका लग्नात माझ्या धाकट्या भावाचं, विलासचं, नाव निघालं आणि पाहुण्यांनी त्याला नालायक ठरवलं. मी ताटातला भात कालवत राहिलो. संताप आला — कुणाचा? त्यांचा? ते तर मीच पढवलेलं बोलत होते.

विलास तिकडे आसामात, जोरहाटजवळ चहाच्या कारखान्यात फिटर होता. आम्ही इथे उजळाईवाडीत, कोल्हापूरच्या विमानतळाला खेटून. अंथरुणावरच्या आईचं नऊ वर्षं आम्ही नवराबायकोने केलं. आणि ती? विमान घरावरून गेलं की दाराकडे बघायची. "विलास आला व्हय रं?" मी भरवत असतानासुद्धा. माझ्या हातातला घास तसाच राहायचा, आणि मी जळायचो.

डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. मी विलासला कळवलं आणि मोबाइलवर पाहिलं. दोन विमानतळांमधलं अंतर सव्वादोन हजार किलोमीटर, उड्डाणाची वेळ तीन तास. खाली बारीक अक्षरांत होतं — थेट विमान नाही. ते मी वाचलं. नीट वाचलं.

मग विलासचा फोन आला. "दादा, इथनं कलकत्ता, तिथनं हैदराबाद, मग कोल्हापूर. पण धुक्यानं विमान अडकलंय. आईला सांग, निघालोय म्हणून."

सांगितलं का मी?

आईने विचारलं, "किती लांब हाय?" मी म्हणालो, "तीन तासाचं विमान हाय, आई. मनात असंल तर येईल की."

खोटं काय होतं त्यात? इतकी वर्षं मी स्वतःला हेच विचारत आलो. थू असल्या हुशारीवर.

"सकाळधरनं तीन तास झालं न्हाईत व्हय?" ती पुन्हापुन्हा विचारत राहिली. भेटायला येईल त्याच्यापुढे मी मोबाइल धरायचो — तीन तास, बघा. माणसं चुकचुकायची. मला बरं वाटायचं. होय, बरं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान वरून गेलं. या वेळी आईने दाराकडे बघितलं नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "त्याला सांग, आता येऊ नगंस."

विलासचा निरोप मी तिला दिला नव्हता. तिचा मात्र लगेच पोचवला, शब्दाला शब्द. तो तेव्हा कलकत्त्याच्या विमानतळावर, पुढच्या विमानाच्या रांगेत उभा होता.

"आई असं म्हणाली?"

"व्हय."

"का, दादा?"

"तिलाच ठावं."

तो तिथूनच मागे फिरला. आई त्याच संध्याकाळी गेली. पोटच्या पोराने तोंडही बघितलं नाही, असं लोक म्हणाले, आणि मला श्रावणबाळ म्हणाले. मी मान खाली घालून ते ऐकून घेतलं.

आईने आपल्याला नाकारलं, असं विलास आजही धरून बसलाय. तिने नाकारला तो मी तिच्यापुढे उभा केलेला विलास. खरा विलास निघाला होता, आणि हे फक्त मला माहीत होतं.