मंडळाचा अर्धा आणा

लिहिण्याचा मला सराव नाही, त्यामुळे जाईबाईंबद्दल नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत त्या खानावळ चालवत. नवरा धोंडू गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. छातीत कापूस बसला आणि त्याने अंथरूण धरलं. जेवणारे सगळे त्यांच्याच गावचे गिरणी कामगार. परगावचा मी एकटा.

त्या लोकांचं गावकरी मंडळ होतं. पगारातल्या रुपयामागे अर्धा आणा वर्गणी. त्यातून गावच्या देवळाची डागडुजी होई आणि इथे कुणी गेलं तर खांद्याला मंडळाचीच माणसं येत. संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळांचे ते दिवस. गोळीबारानंतर संचारबंदी लागली की तिरडीला चार माणसं मिळणं मुश्कील. त्यामुळे मंडळाला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

मंडळाचा पुढारी गुणाजी. पुढारी झाल्यापासून तो शुद्ध बोले. एका रविवारी जेवून हात धुताना म्हणाला, "वहिनी, पुढल्या पगारापासून खानावळीवरही वर्गणी. रुपयामागे अर्धा आणा."

जाईबाई हसल्या. "चेष्टा करतंस काय रे? ह्या जेवणाऱ्यांच्या पगारातून तू आधीच घेतलंस मा? तेच पैसे माझ्याकडे येतत."

"ती त्यांची कमाई, ही तुमची. एकदा वर्गणी घेतली म्हणून नोटेवर काय खूण उरते?"

"बरा, माझी कमाई म्हणतंस, तर कमाईवर घे. तांदूळ, मासळी, कोळसो वजा करून उरतील त्यावर घे. शिजवलेल्या भातावर कसली वर्गणी?"

"उरले किती ते तुम्ही सांगणार, आणि मंडळाने मान डोलवायची?"

"वहिनी, कालवणात पाणी वाढव, झाला!" पंगतीतून कुणी ओरडलं.

"तुझ्याच वाटीत आधी ओततंय, मेल्या!"

सगळे हसले. गुणाजी हसला नाही. कोपऱ्यात धोंडू खोकत होता, तिकडे बघत तो म्हणाला, "दादाची तब्येत ठीक दिसत नाही. माणसं लागतील, वहिनी. दिवस कसे आहेत ते बघताय ना?"

मग कुणीच हसलं नाही.

पगाराच्या दिवशी रीतीप्रमाणे जाईबाई गिरणीच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. खानावळवाल्या बायका तिथेच महिन्याचे पैसे घेत. जेवणाऱ्यांनी पैसे पुरते चुकते केले. पण थांबून कुणी बोललं नाही. वर्गणी द्यायला जाईबाईही गेल्या नाहीत. संध्याकाळी पाटावर मी एकटा होतो.

"गो, आज कोणाचो आवाज नाय?" धोंडूने विचारलं. "गिरण बंद आसा?"

"बंद आसा."

"मगे भोंगो कसलो झालो?"

जाईबाईंनी मला जास्तीची मासळी वाढली. जाईबाई आणि गुणाजी, दोघांत बरोबर कोण, हे मला आजही छातीठोक सांगता येत नाही. तांदळाचे पैसे वजा व्हायला हवे होते, एवढं मात्र वाटतं.

पंगत आठवडाभर रिकामी राहिली. मग नायगावकडे पुन्हा गोळीबार झाला आणि संचारबंदी लागली. आमच्या मजल्यावरचा एक एकटा म्हातारा त्याच दिवशी गेला. त्याला ना गाव, ना मंडळ. प्रेत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गॅलरीतच होतं. धोंडू पडल्या जागेवरून उघड्या दारातून तिकडे बघत होता. जाईबाईंनी दार लोटून घेतलं.

संचारबंदी उठताच त्या गुणाजीकडे गेल्या. सगळ्या जमेवरची वर्गणी भरली, आणि उशीर केला म्हणून वर दंडही.

त्या संध्याकाळी पंगत भरली. भांडी वाजू लागली, कुणी मिठावरून कुरकुरलं. धोंडूने उशीवरून मान उचलून एकेकाचं नाव घेतलं. गुणाजी पोटभर जेवला आणि दारात चपला घालताना म्हणाला, "वहिनी, दादाला गिरणीतून फंड मिळाला ना? त्यावरच्या वर्गणीचंही मंडळात निघालंय."

"तो पगारातूनच कापलेलो होतो, भावजी. त्या पगारावर तुम्ही घेतल्यात."

"हो. पण हातात आत्ता आला."

जेवणाऱ्यांनी माना खाली घातल्या. धोंडूला खोकल्याची उबळ आली आणि बराच वेळ थांबेना. ती थांबेपर्यंत जाईबाई त्याची पाठ चोळत राहिल्या. मग गुणाजीकडे न बघता त्यांनी विचारलं, "किती?"