टणटण मामा आणि माझं मागचं चाक

टणटण मामांना माणूस दिसायच्या आधी त्याचं चाक ऐकू यायचं. बडनेऱ्यात त्यांच्या गल्लीत मी सायकल ढकलत शिरलो, तेव्हा ते ओट्यावर माझ्याकडे पाठ करून बसले होते. मान न वळवता म्हणाले, "थांबा भाऊ. मागच्या दोन तारा गेल्या, तिसरी जाऊन राहिली." मी वाकून पाहिलं. तिसरी तार खरंच मुळाशी तडकली होती.

मामा रेल्वेत होते. जंक्शनला गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांची चाकं ठोकत जायचं आणि कोणतं चाक बद्द वाजतंय ते ऐकायचं, ही त्यांची उभ्या जन्माची नोकरी. निवृत्त झाल्यावर हातोडी लहान झाली आणि चाकं सायकलची झाली, एवढाच काय तो फरक. गावानं ठेवलेलं नाव ते स्वतःही वापरायचे. फोन उचलला की म्हणायचे, "टनटन बोलून राहिलो."

मी पुण्याहून कोलकात्याला निघालो होतो. सायकल परदेशी, कपडे चकचकीत, आणि डोक्यात अभियांत्रिकीच्या पदवीची हवा, टायरपेक्षा जरा जास्तच. बडनेऱ्याला मुक्काम ठरलेलाच नव्हता. चाकानं दगा दिला म्हणून चहाच्या टपरीवरच्या लोकांनी मला मामांकडे पिटाळलं.

मामांची एक पद्धत होती. चाक उलटं टांगायचं, डोळे मिटायचे आणि एकेक तार नखानं छेडत जायचं. घाई केलेली त्यांना खपत नसे. "तार पिळाले अक्कल लागत नाही भाऊ. कुठी थांबाव, त्याले लागते." माझं चाक त्यांनी असं ऐकलं आणि डोळे उघडून विचारलं, "कोनं पिळलं याले इतकं?"

मीच पिळलं होतं. आदल्या दिवशी अकोल्यात एका दुकानात हवा भरायला थांबलो होतो. तिथला दुकानदार चाकाकडे पाहून म्हणाला होता, "साहेब, मागचं चाक डुलून राहिलं, आउट काढून देऊ काय? दहा मिनिटाचं काम हाय." या सायकलला मी असा कुणाचाही हात लागू देतो होय! नको म्हणालो. लॉजवर गेलो, मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि चावी घेऊन तारा आवळत सुटलो. चाक सरळ दिसायला लागलं तेव्हा मी त्याचा फोटोही काढला होता.

हे मामांना सांगायला काय हरकत होती? पण ओट्याभोवती चारपाच माणसं जमली होती आणि सगळी माझ्या सायकलकडे कौतुकानं बघत होती. मी म्हणालो, "अकोल्यात एका दुकानात करून घेतलं होतं."

"कोन्या दुकानात?"

"नाव नाही लक्षात. निळं शटर होतं."

मामांचा हात थांबला. "अंदर रेल्वेचा जुना कंदील टांगेल हाय?"

कंदील होता. मी पाहिला होता. तेव्हा तरी जीभ आवरायची! मी "हो" म्हणालो.

कंदील मामांनीच दिलेला होता. दुकान बबनचं. बबन त्यांच्या याच ओट्यावर शिकून अकोल्याला गेला होता. मामींनी मला हे हळू आवाजात सांगितलं. मामांनी सगळ्या तारा काढल्या आणि दुपारभर खपून चाक नव्यानं बांधलं. मध्ये मामींनी भाकर, आंबाडीची भाजी आणि ठेचा वाढला. मामा दोन घास खाऊन उठले. म्हणाले, "पोरगा तसा नाही हो. मीच त्याले पुरं शिकवलं नसन." मी मान खाली घालून भाकरीला ठेचा लावत राहिलो.

निघताना त्यांनी माझा नंबर वहीत उतरवून घेतला आणि चाकावर हातोडीनं हलकेच टण् केलं. "पोचला की फोन करजा. चाक कसं गेलं तेवढं सांगजा." ते चाक कोलकात्यापर्यंत केसभरही हललं नाही. मी फोन केला नाही. काय तोंडानं करणार होतो?

दीड वर्षानंतर कामानिमित्त अमरावतीला गेलो. मनाशी ठरवूनच गेलो होतो, की बडनेऱ्याला उतरून खरं काय ते सांगून टाकायचं. पेढेही घेतले होते. रविवार होता. ओट्यावर मामांसमोर पिकल्या मिशांचा एक माणूस मांडी घालून, डोळे मिटून, शाळकरी पोरासारखा तार छेडत बसला होता. मी त्याला ओळखलं. तो बबन होता.

मामांनी त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवायला घेतलं होतं. दर रविवारी दुकान बंद ठेवून तो अकोल्याहून गाडीनं यायचा. मामा हरखून म्हणाले, "बबन, हेच ते पुन्याचे साहेब. ज्यायचं चाक तुह्या हातून बिघडलं." बबन चटकन उठला आणि त्यानं माझ्यापुढे हात जोडले. "माफ करा साहेब. मले त आठवत नाही, पन मामा म्हनते म्हनजे झालं असन."

आता बोलायचं होतं. दोघं समोर होते, पेढे हातात होते. आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "जाऊ द्या हो. होतं असं कधीकधी."

मी त्याला क्षमा केली! माझ्या चुकीबद्दल, मोठ्या मनानं. मामींनी चहा टाकला. मामा बबनला म्हणाले, "पाह्य, मानूस किती दिलदार हाय." आयुष्यात मला बरेच मानसन्मान मिळाले, पण त्या वाक्यासारखं दुसरं काही टोचलेलं नाही.

गेल्या महिन्यात बबनचा फोन आला. मामा गेले होते. त्यांच्या वहीत माझा नंबर होता, म्हणून कळवत होता. त्याचं ऐकता ऐकता माझ्यानं राहवलं नाही आणि मी सगळं सांगून टाकलं. लॉज, व्हिडिओ, चावी आणि माझं खोटं.

बबन म्हणाला, "माह्या रविवारचं काही नाही साहेब. ते चांगलेच गेले. मामाजवळ बसाले भेटलं." मग म्हणाला, "पन मामा आखरीपर्यंत म्हने, बबन, माह्या शिकवन्यातच कसर राह्यली. हे त्यायले सांगाले पाह्यजे होतं तुमी. मले सांगून आता काय फायदा?"

त्यानं फोन ठेवला. सायकल माझ्या गॅलरीत उभी आहे. मागचं चाक अजून सरळ फिरतं. मामांनी शेवटचा टण् केला त्यानंतर त्याला कुणी चावी लावलेली नाही.