थोरलीचा पाय

टाचमावशी माणसाच्या तोंडाआधी त्याची टाच बघायची. कोण आलं ते पायरीवरच्या आवाजावरून ओळखायची. शिवायचा दोरा ओठांत धरून बोलायची आणि समोरच्याला ते कळलंच पाहिजे असं समजायची. बसायचा आग्रह फक्त म्हाताऱ्यांना. बाकीच्यांनी उभं राहावं.

जोडे शिवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे तिला माहीत होतं. म्हणूनच थोरल्या बहिणीसाठी जोड करताना तिने मापच घेतलं नाही.

"तुझा पाय मला पाठ आहे," ती म्हणाली, आणि जुन्याच साच्यावर जोड चढवला.

वयाबरोबर पाय पसरतो, हे ती गिऱ्हाइकांना उठता-बसता ऐकवायची. घरच्या पायाला तेवढी विसरली. थोरलीला जोड चावला. धाकटीला वाईट वाटेल म्हणून ती बोलली नाही. मऊ, उघड्या टाचेच्या सपाता ओढत फिरत राहिली. एकदा उंबऱ्यात सपात मागे राहिली आणि थोरली पुढे गेली. हाड वाचलं, धीर मोडला. ती भिंत धरून चालू लागली. तिची लेक चाकाच्या खुर्चीची चौकशी करू लागली.

भेटायला गेलेल्या टाचमावशीला कोपऱ्यात जोड दिसला, कोरा करकरीत. काय ते कळलं.

"चावतो म्हणून सांगायला तोंड शिवलं होतं का?"

"शिवण तुझ्या हातची. उसवते कुठे?"

मावशी हसली नाही. संध्याकाळी पाय फुगतात, तेव्हा येऊन तिने माप घेतलं. जोडाला पातळ, टणक तळ. टाच धरून ठेवणारी पाठ. वर पट्टा. लेक म्हणाली, आत गादी घाल.

"गादीवर झोपतात. पायाला जमीन कळायला हवी."

नव्या जोडात थोरली जिना उतरली. कठड्यावरचा हात मधेच सुटला, तिच्या लक्षातही आलं नाही.

"आई, हात देऊ?"

"दे. ही पिशवी धर."

मावशी वरून बघत होती. पुढे एकदा थोरली एकटीच भाजी घेऊन दुकानावरून गेली. त्या दिवशी दुकानात येईल त्याला मावशीने सांगितलं, "भाजी घेऊन एकटी गेली ना आत्ता, ती माझी बहीण."

मग तिने थोरलीसाठी आणखी एक जोड करायला घेतला, ओल्या रस्त्यावर न घसरणारा. तो करता करताच मावशी गेली. दुकानात, बसल्या जागी. थोरली चालत आली, कुणाचा हात न धरता.

उजवा पाय तयार आहे. डाव्याचा पट्टा एका बाजूने शिवायचा राहिलाय.