पयले घर दखाड

फाटकाबाहेर गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं तरी अक्का कडी काढत नसत. कडीवर हात ठेवून गजांमधून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत आणि म्हणत, “पयले घर दखाड, मंग पिल्लू मांग.”

गिऱ्हाईक गोंधळून माझ्याकडे बघायचं. माझी भाड्याची गाडी बहुधा तिथेच कडुलिंबाखाली उभी असायची. मी सांगायचो, “आधी त्या तुमचं घर बघायला येतील. पसंत पडलं तर कुत्र्याचं पिल्लू.” काही जण हसायचे, काही चिडून निघून जायचे. मुलगी द्यायची असली तरी हल्ली कुणी घर इतकं निरखून बघत नाही.

एकदा जळगावातल्या एका सराफाच्या बंगल्यावर मी त्यांना घेऊन गेलो होतो. एप्रिलची दुपार. सराफाने कौतुकाने गच्ची दाखवली. “इथे ठेवणार बघा, मोकळी जागा.” अक्कांनी आपल्या चपला काढल्या, फरशीवर पाऊल टेकवलं आणि त्याला म्हणाल्या, “तू बी उभा राय आठे. चप्पल काढीसन.” तो बिचारा उभा राहिला आणि लगेच एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायला लागला. अक्का जागच्या हलल्या नाहीत. “तुले घडीभर सहन व्हत नही. त्यानी दिनभर कसं रावानं?” असं म्हणून त्या जिना उतरल्या. चहाचा कप तसाच राहिला. गाडीत बसल्यावरही धुसफुसत होत्या. सराफावर नाही, तर त्याच्या फरशीवर, उन्हावर, आणि एसी नीट लागत नाही म्हणून माझ्यावरही.

अक्का मूळच्या धुळ्याकडच्या. लग्न होऊन असोद्याला आल्या. असोद्याची बोली वेगळी, पण इतकी वर्षं तिथे राहून त्यांनी आपली अहिराणी सोडली नाही. नवऱ्याला सगळे आबा म्हणत. आबा पाइपच्या कारखान्यात होते. राखणीला म्हणून त्यांनी डॉबरमनची एक जोडी आणली आणि त्यातून हा कुत्र्यांचा व्याप वाढला. केळीच्या मळ्याला लागून प्लॉट होता. त्यावर पिंजऱ्यांची रांग, वर कपाशीच्या काड्यांचं जाड छप्पर, आणि उन्हाळ्यात चारी बाजूंनी ओली गोणपाटं. गाव त्याला ‘कुत्र्यांचा गोठा’ म्हणायचं. पाटीवर आबांनी मोठ्या हौसेने ‘केनेल’ लिहून घेतलं होतं.

कुत्र्यांच्या स्पर्धा असत. नाशिक, इंदूर, पुणे. मी गाडी घेऊन जायचो. तिथे गोल मैदानात कुत्र्याला पट्ट्याने धरून धावावं लागतं आणि परीक्षक त्याची चाल, ठेवण, स्वभाव बघतो. आबांना चारचौघांत पळायची लाज वाटायची. म्हणून अक्का पळू लागल्या. सूटबूट घातलेल्या धंदेवाईक हँडलरांच्या रांगेत ही पदर खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट घातलेली बाई. तुम्ही बघितलं असतंत तर पहिल्यांदा हसला असतात. मीही हसलो होतो. मग तिचं कुत्रं चालायला लागलं आणि मी हसायचा थांबलो. पट्टा इतका सैल असायचा, की ती कुत्र्याला नेते आहे असं वाटायचंच नाही. दोघं शेताकडे निघालेत असं वाटायचं.

इंदूरला पुढच्या हँडलरने आपल्या कुत्रीला नीट उभी राहत नाही म्हणून बुटाच्या टोकाने मारलं. हलकंच, कुणाला दिसू नये असं. अक्कांना दिसलं. भर स्पर्धेत त्या थांबल्या आणि त्या माणसावर जे बरसल्या! परीक्षक परदेशी होता. त्याला शब्द कळले नसावेत, पण अर्थ कळला असणार. आयोजकांनी अक्कांनाच बाहेर काढलं. त्यांचा नर त्या दिवशी नक्की जिंकला असता.

परतीच्या वाटेवर आबा हळूच म्हणाले, “कप गेला गं.”

“कपमा काय शे? बुडमा भोक शे. पानी बी पेता येत नही.”

आबा खिडकीकडे तोंड करून हसत होते. ही दोघं अशी होती. तिने चिडायचं आणि त्याने हसायचं. आबा गेले तेव्हा मला वाटलं, आता हा राग झेलणार कोण?

त्यांचा मुलगा शिकलेला, गोड बोलणारा. मला ‘काका’ म्हणायचा, पाणी विचारायचा. वाईट माणूस ओळखायला सोपा असतो असं आपल्याला उगीच वाटतं. वडील गेल्यावर त्याने कारभार हातात घेतला आणि सहा महिन्यांत म्हणाला, “आई, डॉबरमन आता कोण घेतं? लोकांना हस्की हवी. निळ्या डोळ्यांची.”

मी तिथेच बसलो होतो. अक्का भाकरी कुस्करत होत्या, कुत्र्यांच्या ताकात घालायला. मान वर न करता म्हणाल्या, “हाई बरफनं जनावर शे. आठे मे महिनामा मानूस भाजी जास.”

“एसी लावू ना.”

“लाइट गयी ते काय करशी?”

“इन्व्हर्टर आहे आई.”

“आनि जो लई जाई त्याना घर?”

मुलगा हसला. “ते त्याचं तो बघेल.”

अक्कांनी भाकरीचं पातेलं उचललं आणि उठून गेल्या. त्या एका वाक्यात सगळं संपलं होतं हे मला तेव्हा कळलं नाही. त्यांना कळलं असावं.

जोडी आलीच. मागच्या खोलीत एसी लागला. थंडीत पिल्लं झाली. अक्कांना ती जोडी नको होती, पण पिल्लांना काय ठाऊक? त्यांना रात्रंदिवस अक्कांनीच सांभाळलं. एकाचा एक डोळा निळा होता आणि एक तपकिरी. त्याला त्या ‘काना’ म्हणायच्या, कारण निळ्या डोळ्याने त्याला दिसत नाही अशी त्यांची समजूत होती. “काना, इकडे मर,” असं ओरडायच्या आणि तो नेमका त्यांच्याच पदरावर येऊन पडायचा. पिल्लं मोठी झाल्यावर मुलाने सांगितलं की पुण्या-नाशिकच्या बंगल्यांत चांगली घरं मिळाली, फोनवर दाखवलीसुद्धा. अक्कांनी बंगल्यांचे व्हिडिओ डोळ्यांजवळ धरून पुन्हा पुन्हा बघितले. पांढरीशुभ्र फरशी, पडदे, एसी. मग त्यांनी फोन परत दिला.

पुढच्या उन्हाळ्यात धुळ्याला त्यांच्या भाचीचं लग्न होतं. लग्न लागल्यावर आम्ही परत निघालो. पारोळ्याच्या अलीकडे महामार्गावर एक नवं हॉटेल झालं आहे. बाहेर कारंजं, झोपाळे, फोटो काढायच्या जागा. मला चहा हवा होता म्हणून मी गाडी आत घेतली.

दारापाशी थर्माकोलचा डोंगर केला होता. त्यावर कापूस चिकटवलेला. शेजारी पाटी: बर्फात फोटो काढा. आणि डोंगराच्या पायथ्याशी, तापलेल्या काँक्रीटवर, साखळीला बांधलेली हस्की. दुपारचे दोन वाजले असतील. कुत्रं आडवं पडलं होतं. एक बाई आपल्या मुलीला सांगत होती, “अगं, त्याच्या पाठीवर हात ठेव ना, झोपलंय ते.”

ते झोपलेलं नव्हतं. त्याची जीभ जांभळट पडून बाहेर लोंबत होती आणि पोट भात्यासारखं चाललं होतं.

अक्का दार उघडून धावल्या. गुडघे टेकून त्यांनी त्याचं तोंड वर केलं. एक डोळा निळा, एक तपकिरी.

त्या ओरडतील म्हणून मी थांबलो. त्या ओरडल्या नाहीत. लग्नातली पैठणी होती अंगावर, ती तशीच त्यांनी कारंज्याच्या पाण्यात बुडवली आणि कुत्र्यावर पिळली. पोटावर, पंजांवर, कानांमागे. मी बाटल्या आणून देत होतो. लोक मोबाइल काढून उभे होते. कुणी सावलीसाठी छत्रीसुद्धा धरली नाही.

मॅनेजर आला. “ओ मावशी, हॉटेलचं कुत्रं आहे.”

“कोनी बांधं याले आठे?” आवाज अगदी खालचा होता.

“विकत घेतलंय. पावती आहे आमच्याकडे. असोद्याच्या केनेलची.”

अक्कांनी त्याच्याकडे बघितलं. तो चेहरा मी विसरलेलो नाही. मग त्यांनी कुत्र्याच्या गळ्यातली साखळी सोडली आणि मॅनेजरच्या पायाशी टाकली. “पावती धरीसन बस. मी कुत्रा लई जास.”

मी कुत्र्याला उचलून मागच्या सीटवर ठेवलं. मॅनेजर आडवा आला, पण मी गाडी थांबवली नाही. त्याने स्वतःच बाजूला उडी मारली. पारोळ्याला दवाखाना बंद निघाला. जळगाव गाठायचं ठरवलं. एसी पूर्ण सोडला होता. अक्का ओला पदर त्याच्या पोटावर धरून शिव्या देत होत्या. “काना, मरू नको, मुर्दाडा. ऊठ. ऊठ ना रे.” एरंडोल ओलांडल्यावर शिव्या थांबल्या. मी आरशात बघितलं नाही. गाडी चालवत राहिलो.

घरी मुलगा अंगणात फोनवर होता. अक्का त्याच्याकडे न बघताच खाली उतरल्या. आम्ही दोघांनी कुत्र्याला उतरवलं. त्यांनी मागच्या खोलीचं दार उघडलं, तो मेलेला जीव एसीच्या खाली गार फरशीवर ठेवला आणि मुलाला हाक मारली.

“आते ठेव त्याले थंडा.”

मुलगा पांढरा पडला. “आई, मला काय माहीत ते असं करतील? मी नाही विकलं तर दुसरा विकणारच आहे.”

अक्कांनी त्याच्या मुस्काटात मारली. बायको-पोरांदेखत, माझ्यादेखत. तेवढ्या एका बाबतीत माझं मन अजून थंड आहे.

हॉटेलवाल्यांनी तक्रार केली, कुत्रं चोरून नेल्याची. अक्कांना चौकीत बोलावलं आणि दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. उन्हात कुत्रं मारणारा घरी जेवत होता आणि त्याला पाणी पाजणारी चौकीत. मी सोबत होतो. एक हवालदार हसून म्हणाला, “मावशी, कुत्र्यासाठी एवढं?”

“तुले साखळी बांधीसन उनमा बसाडू का?”

तो हसायचा थांबला. संध्याकाळी गावातल्या मोठ्या माणसांनी मिटवामिटवी केली. मिटवामिटवी म्हणजे काय, तर अक्कांनी माफी मागावी. त्यांनी मागितली नाही. मुलाने मागितली, त्यांच्या वतीने.

आणि गाव काय म्हणालं? पोटच्या पोरापेक्षा कुत्रं जवळचं झालं. म्हातारीचं डोकं फिरलं. माझ्या गाडीत बसून, मला ऐकू जाईल असं लोक बोलायचे. त्या मुलाच्या दारात पिल्लासाठी रांग लावणारेही तेच. मी भाडं घेणारा माणूस, भांडायची चैन मला परवडत नाही असं म्हणतात. तरी असं बोलणाऱ्या दोघांना मी महामार्गावरच उतरवलं होतं. भाडं सोडून दिलं.

त्यानंतर अक्कांनी आपले डॉबरमन एकेक करून दिले. प्रत्येक घर बघून. सावद्याच्या एका केळीच्या मळ्यात दोन गेले. तिथल्या शेतकऱ्याच्या आईने कुत्र्यांसाठी आधीच मातीच्या जमिनीवर छप्पर घालून सावली करून ठेवली होती. ते बघून अक्का तिथेच ओट्यावर बसल्या आणि पहिल्यांदा रडल्या. ती म्हातारी घाबरली. “काय झालं हो अक्का? काही चुकलं का?” अक्का रागावून म्हणाल्या, “काही नही चुकनं. म्हनीसनच ते.”

सगळे पिंजरे रिकामे झाल्यावर मी त्यांना माहेरी, भावाकडे सोडून आलो. सामान एक पेटी. मुलगा फाटकापर्यंत आला होता, पाया पडला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही, पण पायही मागे घेतले नाहीत.

मी धुळ्याला भाडं घेऊन गेलो की वाकडी वाट करून भेटून यायचो. मला बघितलं की ओरडायच्या, “जेवनना बखतले येवानं सोडीसन आते उना!” आणि भाकरी टाकायला बसायच्या. अंगणात एकही कुत्रं नव्हतं. गल्लीतली यायची, त्यांना हाकलायच्या, आणि हाकलताना हातात तुकडा असायचा. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. भावाने फोन केला. मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं.

मुलाने आता जळगावात मोठं दुकान काढलं आहे. काचेच्या खोल्या, आत पिल्लं. परवा एका पाहुण्याला स्टेशनवरून घेऊन चाललो होतो. सिग्नलला थांबलो तर समोर दुकानाचा नवा फलक. ‘आईच्या आशीर्वादाने.’ आणि अक्कांचा फोटो. कुठल्याशा स्पर्धेतला असावा. पट्टा त्यांच्या हातात होता, पण पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाचा डॉबरमन कापून तिथे हस्की चिकटवली होती. निळ्या डोळ्यांची. अक्का थेट समोर, रस्त्याकडे बघत होत्या.

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजत होते. माझा हात गिअरवर जाईना.

पाहुणा फलकाकडे बघून म्हणाला, “काय रागीट दिसतात हो बाई.”

“होत्याच,” मी म्हणालो.